लेफ्ट मेन बंद पडते तेव्हा : तातडीच्या बायपासमागचा मिनिटांचा हिशोब

कॅथलॅबचं, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीचं, दार उघडतं. डॉक्टर बाहेर येतात आणि सांगतात, "लेफ्ट मेनमध्ये मोठं ब्लॉकेज आहे. स्टेंटने काम होईल असं दिसत नाही. आत्ताच बायपास करावी लागेल." मग संमतीपत्र पुढे येतं. दोन तासांपूर्वी घरात चालत-बोलत असलेल्या माणसाची छाती उघडायला हो म्हणायचं की नाही, हे ठरवायला जेमतेम पाच-दहा मिनिटं मिळतात. सही करणाऱ्याचा हात थरथरत असतो, आणि लेफ्ट मेन म्हणजे काय हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. तेवढा वेळच कुणाकडे नसतो.

हा लेख त्या सही करणाऱ्यासाठी आहे, आणि तशी वेळ येण्याआधीच वाचला गेला तर फार बरं. कारण त्या धावपळीत डॉक्टर एकच हिशोब पुन्हा पुन्हा मांडत असतात: कोणत्या वाटेने स्नायूपर्यंत रक्त लवकर पोचेल, आणि ते पोचेपर्यंत माणूस तग धरेल का? स्टेंट (वाहिनी आतून उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) की बायपास (ब्लॉकेजला वळसा घालून शिवलेली नवी वाट), आत्ता की चार दिवसांनी, छातीतली धमनी की पायातली शीर, हे सगळे निर्णय त्या एका हिशोबातून निघतात. तो समजला की बाहेरून गोंधळ वाटणाऱ्या गोष्टींची संगती लागते.

एक सेंटिमीटरचं खोड

हृदय दिवसाला सुमारे ७,००० लिटर रक्त पुढे ढकलतं, पण आतून वाहणाऱ्या त्या रक्ताचा त्याच्या स्वतःच्या स्नायूला जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. भिंत जाड असते, रक्त तिच्यात आतून झिरपत नाही. म्हणून हृदयाला स्वतःच्या वेगळ्या रक्तवाहिन्या लागतात. महाधमनी हृदयातून बाहेर पडते तिथेच, झडपेच्या किंचित वर, तिला दोन छोटी तोंडं फुटतात. एकातून उजवी कोरोनरी धमनी निघते, दुसऱ्यातून डावी. या डाव्या धमनीचा फांद्या फुटण्याआधीचा तुकडा म्हणजे लेफ्ट मेन.

आकाराने ती अगदीच लहान. लांबी साधारण एक सेंटिमीटर, रुंदी ४ ते ५ मिलिमीटर. पण पुढे तिच्याच दोन मोठ्या फांद्या होतात. एक हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरते, ती एलएडी. दुसरी वळसा घालून मागे जाते, ती सर्कमफ्लेक्स. शरीरभर रक्त पाठवण्याचं खरं कष्टाचं काम हृदयाचा डावा खालचा कप्पा करतो, आणि त्याच्या स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या दोन फांद्यांवर जगतो. काही माणसांत तर जवळजवळ सगळाच. फांदी वाळली तर झाड तग धरू शकतं, इथे प्रश्न खोडाचा असतो.

मोठी एलएडी तिच्या सुरुवातीलाच बंद झाली की इंग्रजीत तिला 'विडो मेकर', म्हणजे 'विधवा करणारी', म्हणतात, आणि लेफ्ट मेनलाही ते नाव सर्रास चिकटवलं जातं. मला ते नाव आवडत नाही, कारण त्यातून हा फक्त पुरुषांचा आजार असल्याचा समज होतो. स्त्रियांनाही हा आजार होतो, आणि त्यांच्यात अनेकदा छातीत कळ येण्यापेक्षा धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, अचानक गळून जाणं अशा रूपात तो येतो. म्हणूनच तो ओळखायला उशीर होतो.

हृदयाकडे शिल्लक नसते

बाकीच्या शरीराला रक्त थोडं कमी मिळालं तर एक सोय असते. आलेल्या रक्तातून एरवी शरीर सरासरी पावभागच ऑक्सिजन उचलतं. पुरवठा घटला की तेच अवयव त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. हृदयाला ही सोय नाही. माणूस शांत बसलेला असतानाही हृदयाचा स्नायू आलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ७० टक्के काढून घेतो. गरज वाढली की त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो, जास्त रक्त मागवायचं. आणि मागवायच्या वाटेवरच दगड असेल, तर संपलंच.

दुसरी अडचण त्याहून विलक्षण आहे. हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा आपल्याच भिंतीतल्या बारीक वाहिन्या तो दाबून टाकतो. त्यामुळे डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. ठोके वाढले की ही विश्रांती आखडते. म्हणजे घाबरलेलं, धडधडणारं हृदय एकीकडे जास्त मागतं आणि दुसरीकडे स्वतःच्या पुरवठ्याची वेळ कमी करून टाकतं.

तिसरी गोष्ट दाबाची. या वाहिन्यांत रक्त ढकलतो तो महाधमनीतला दाब, आणि तो दाब हृदयच तयार करतं. लेफ्ट मेनचा पुरवठा आटला की डावा कप्पा कमजोर होतो, तो कमजोर झाला की रक्तदाब पडतो, आणि रक्तदाब पडला की उरल्यासुरल्या वाटांनी येणारं रक्तही आटतं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून पुन्हा पहिलं. वैद्यकीय भाषेत याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, माणूस भांबावतो, छातीत पाणी भरल्यासारखी धाप लागते. लेफ्ट मेनच्या झटक्यात खरा शत्रू हा भोवरा असतो, आणि तातडीच्या उपचाराची सगळी धडपड तो तोडण्यासाठी असते.

ब्लॉकेज किती, म्हणजे किती?

रिपोर्टवर टक्केवारी असते आणि नातेवाईक तिच्यावरच अडकतात. इतर कोरोनरी वाहिन्यांत साधारण ७० टक्के अरुंदपणा गंभीर धरतात, लेफ्ट मेनमध्ये मात्र ५० टक्क्यांपासूनच. "अर्धी तर उघडी आहे ना?" असं वाटणं साहजिक आहे. पण ही टक्केवारी रुंदीची असते. रुंदी निम्मी झाली की वाहिनीच्या तोंडाचं क्षेत्रफळ पावभागावर येतं. प्रवाहाला होणारा विरोध तर त्याहून कितीतरी पटींनी वाढतो.

हे अरुंद होणं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. वाहिनीच्या आतल्या अस्तराखाली चरबी, दाहाच्या पेशी आणि कॅल्शियम साचत जातात. झटका मात्र बहुतेकदा हळूहळू येत नाही. साचलेल्या थरावरचं पातळ आवरण एके दिवशी फाटतं, शरीराला ती जखम वाटते, आणि जखमेवर जे व्हायचं तेच होतं: रक्तातल्या प्लेटलेट धावून येतात आणि गुठळी बनते. बोट कापल्यावर जीव वाचवणारी हीच यंत्रणा इथे काही मिनिटांत वाट बुजवते. तोपर्यंत ती वाहिनी ४०-५० टक्केच अरुंद असू शकते, म्हणजे त्या माणसाला आधी कधी चालताना छातीत दुखलेलंही नसतं.

लेफ्ट मेन पूर्ण बंद झाली तर अनेक जण रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतात त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा दोन गोष्टींपैकी एक खरी असते. एक तर वाट पूर्ण बंद नसते, धाग्याएवढा प्रवाह चालू असतो. नाहीतर उजव्या बाजूच्या धमनीने आधीपासून आडवाटा तयार करून डाव्या बाजूला थोडं रक्त पुरवायला सुरुवात केलेली असते. तातडीच्या बायपाससाठी ज्यांना नेता येतं, ते बहुधा याच दोन गटांतले असतात. धाग्याएवढा का होईना, प्रवाह आहे म्हणूनच तासाभराची सवड मिळते.

मिनिटांत काय होतं

रक्त थांबल्यावर तेवढा स्नायू मिनिटभराच्या आतच हलायचा थांबतो. पण तो लगेच मरत नाही. कायमची हानी सुरू व्हायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात, आणि तिची सुरुवात भिंतीच्या सगळ्यात आतल्या थरापासून होते. तिथून ती लाटेसारखी बाहेरच्या थराकडे सरकत जाते. सहा तासांच्या आसपास वाचवण्यासारखं फारसं उरत नाही. अर्थात आडवाटा असतील किंवा प्रवाह अधूनमधून चालू-बंद होत असेल, तर हे घड्याळ सावकाश चालतं.

म्हणून छातीत दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, न थांबणारी धाप असं काही झालं तर आधी रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः गाडी चालवत निघू नये. सुसज्ज रुग्णवाहिकेत विजेचा शॉक देण्याचं यंत्र असतं, आणि वाटेत ठोका बिघडला तर तेच उपयोगी पडतं. माणूस कोसळला, श्वास नीट नाही असं दिसलं, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावं.

रुग्णालयात पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. लेफ्ट मेनचा ईसीजी कधीकधी फसवा असतो. नेहमीच्या मोठ्या झटक्यात काही ठरावीक तारांत रेघ वर उचललेली दिसते. इथे मात्र अनेक तारांत रेघ खाली दबलेली आणि 'एव्हीआर' नावाच्या एकाच तारेत वर गेलेली, असं चित्र येऊ शकतं. हे चित्र इतर कारणांनीही येतं, पण छातीत दुखणं आणि पडलेला रक्तदाब सोबत असेल तर अनुभवी डॉक्टर रक्ततपासणीच्या निकालाची वाट पाहत बसत नाहीत. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून डावा कप्पा किती हलतोय ते पाहतात आणि थेट अँजिओग्राफीला घेतात.

मग सगळ्यांनाच बायपास का नाही?

इथे अनेकांचा गोंधळ होतो. स्थिर असलेल्या, चालत रुग्णालयात आलेल्या माणसाच्या लेफ्ट मेनवर बायपास हा दीर्घकाळ पारखलेला उपचार आहे, विशेषतः सोबत इतर वाहिन्याही खराब असतील तर. मग ऐन झटक्यात डॉक्टर आधी स्टेंटचा विचार का करतात?

उत्तर पुन्हा घड्याळात आहे. अँजिओग्राफीची नळी मनगटातून किंवा मांडीतून आधीच लेफ्ट मेनच्या तोंडाशी पोचलेली असते. तिथून तार पुढे सरकली, फुगा फुगला की काही मिनिटांत रक्त सुरू. बायपाससाठी थिएटर तयार करायचं, भूल द्यायची, छाती उघडायची, पायातली शीर काढायची, हार्ट-लंग मशीन जोडायचं, मग पहिला जोड शिवायचा. सगळे धावत असले तरी नव्या वाटेने रक्त वाहायला तासाभरापेक्षा जास्तच वेळ जातो. वाहिनी पूर्ण बंद असेल तर एवढा वेळ स्नायूकडे नसतो. म्हणून अशा वेळी सहसा पहिला मान फुग्याने वाट उघडण्याचा, म्हणजे अँजिओप्लास्टीचा.

तातडीच्या शस्त्रक्रियेची पाळी येते ती वेगळ्या परिस्थितीत. तार पलीकडे जातच नाही, किंवा कॅल्शियम इतकं दगडासारखं असतं की फुगा फुगत नाही. कधी लेफ्ट मेनच्या टोकाला दोन्ही फांद्यांची तोंडं आणि पुढे तिन्ही वाहिन्या इतक्या खराब असतात की एखाद-दोन स्टेंटने भागणार नसतं. कधी थोडा प्रवाह चालू असतो, पण औषधं देऊनही छातीतलं दुखणं थांबत नाही, रक्तदाब डळमळतो. कधी अँजिओप्लास्टी करतानाच वाहिनीचं अस्तर चिरतं. आणि कधी झटक्याने हृदयाची रचनाच मोडलेली असते: दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडतं, किंवा झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटतो. तिथे स्टेंट टाकूनही तुटलेलं जुळत नाही, ते शिवावंच लागतं.

या दोन उपचारांचं नातं जुनं आहे. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ साली झुरिकमध्ये कोरोनरी धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. त्यानंतर बरीच वर्षं अँजिओप्लास्टी चालू असताना शेजारी ऑपरेशन थिएटर सज्ज ठेवलं जाई, कारण फुग्याने वाहिनी चिरली तर धावत बायपासला न्यावं लागे. स्टेंट आल्यावर चिरलेली वाहिनी आतूनच आधार देऊन उघडी ठेवता येऊ लागली, आणि अशी धावत नेण्याची वेळ आज १ टक्क्याहूनही कमी रुग्णांवर येते. त्यामुळे आज तातडीची बायपास ज्यांच्यावर होते, त्यांतले बरेच जण दुसरा मार्ग न उरलेले असतात. तिचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

आणि कधीकधी डॉक्टर उलट सांगतात, "चार-पाच दिवस थांबू." मघाशी एवढी घाई आणि आता थांबायचं, हे नातेवाइकांना पटत नाही. पण हिशोब तोच आहे. दुखणं थांबलेलं आहे, रक्तदाब स्थिर आहे, प्रवाह चालू आहे, तर मिनिटं आता रुग्णाच्या बाजूने असतात. नुकताच मार बसलेला स्नायू सुजलेला, नाजूक असतो. झटक्याच्या वेळी दिलेल्या प्लेटलेट रोखणाऱ्या गोळ्यांचा परिणाम उतरायला औषधानुसार साधारण ३ ते ७ दिवस लागतात, आणि तो उतरण्याआधी छाती उघडली तर रक्तस्राव आवरणं कठीण होतं. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका डोळे उघडे ठेवून पत्करावा लागतो. सवड असेल तर तो टाळणंच शहाणपणाचं.

दरम्यान भोवऱ्यात सापडलेल्या हृदयाला टेकू देणारी यंत्रं असतात. मांडीतून महाधमनीत सरकवलेला बलून पंप दोन ठोक्यांच्या मध्ये फुगतो, म्हणजे नेमका त्या विश्रांतीच्या क्षणी कोरोनरी वाहिन्यांतला दाब वाढवतो. कल्पना सुंदर आहे. पण २०१२ साली ६०० रुग्णांवर झालेल्या जर्मन अभ्यासात शॉकमधल्या सगळ्यांनाच तो सरसकट बसवून जीव जास्त वाचतात असं दिसलं नाही. त्यामुळे आता तो निवडक ठिकाणी वापरतात. डाव्या कप्प्यात बसवायचा छोटा फिरता पंप मात्र २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवडक रुग्णांत फायद्याचा ठरला. त्यात सहा महिन्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ टक्क्यांवर आलं, पण रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा बिघडणं असे त्रास वाढले.

थिएटरच्या आत

एक गैरसमज आधी दूर करतो. बायपासमध्ये ब्लॉकेज काढत नाहीत. लेफ्ट मेनला सहसा हातही लावत नाहीत. ती आहे तशीच राहते आणि तिच्या पलीकडे, फांद्या जिथे चांगल्या आहेत तिथे, नवी वाट आणून जोडतात. खोडाला दोन फांद्या असल्यामुळे लेफ्ट मेनसाठी सहसा किमान दोन जोड लागतात, एक एलएडीला आणि एक सर्कमफ्लेक्सच्या फांदीला.

भूल देणं हाच पहिला कसोटीचा क्षण. भूल देणारी औषधं रक्तदाब उतरवतात, आणि या हृदयाला तेवढाही उतार सोसत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ अतिशय जपून, एकीकडे दाब वाढवणारी औषधं चालू ठेवून झोपवतात. काही वेळा सर्जन हात धुऊन शेजारी उभे असतात, गरज पडली तर मिनिटांत छाती उघडता यावी म्हणून.

छातीचं मधलं हाड उभं कापलं जातं. एरवी या टप्प्यावर सर्जन छातीच्या आतल्या भिंतीवरून जाणारी एक धमनी सावकाश सोडवून घेतात. ही धमनी एलएडीला जोडली तर दहा वर्षांनीही दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांत ती उघडी राहते. पायातल्या शिरेचं तसं नाही, दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या शिरा बंद होतात. तरीही रुग्ण डोळ्यांसमोर कोसळत असेल तर सर्जन छातीतली धमनी बाजूला ठेवून फक्त पायातली शीर घेऊ शकतात, कारण ती लवकर निघते. आज माणूस वाचला पाहिजे, दहा वर्षांचा विचार त्यानंतर. दाब टिकून असेल तर मात्र घाईतही छातीतली धमनी घेण्याचा प्रयत्न होतो. मला यातला समतोल फार मोलाचा वाटतो. त्या खोलीत उभं राहून, रक्तदाबाच्या आकड्याकडे पाहत, पुढच्या दहा वर्षांचा आणि पुढच्या दहा मिनिटांचा विचार एकाच वेळी करायचा असतो.

मग रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनचा मोठा डोस देतात आणि नळ्या घालून हार्ट-लंग मशीन सुरू करतात. आता रक्तात ऑक्सिजन मिसळणं आणि ते शरीरभर फिरवणं हे काम यंत्राकडे. ते चालवणाऱ्या तज्ज्ञाला परफ्यूजनिस्ट म्हणतात, आणि त्या तासांत माणसाचं रक्ताभिसरण अक्षरशः त्याच्या हाती असतं. अशा यंत्रावर पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी १९५३ साली फिलाडेल्फियात केली. भोवरा तुटतो तो खरं तर या क्षणी, कारण आता हृदयाला दाब तयार करायची जबाबदारीच उरत नाही.

महाधमनीला चिमटा लावून हृदय थांबवतात. त्यासाठी पोटॅशियम जास्त असलेलं, बहुधा थंड द्रावण कोरोनरी वाहिन्यांत सोडतात. थांबलेल्या, गार हृदयाला फारच थोडा ऑक्सिजन लागतो. पण इथे लेफ्ट मेनची एक खास अडचण आहे: हे रक्षक द्रावण नेहमीच्या वाटेने सोडलं तर तेही त्याच ब्लॉकेजपाशी अडतं. ज्या स्नायूला त्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते पोचत नाही. म्हणून सर्जन मागच्या दाराने जातात. हृदयाचं वापरलेलं रक्त जिथून परत येतं त्या शिरेत नळी घालून द्रावण उलट्या दिशेने आत ढकलतात. शिवाय पायातल्या शिरेचा पहिला जोड पूर्ण झाला की त्याच नव्या वाटेनेही ते सोडतात. काही वेळा, आधीच दुखावलेल्या हृदयाला थांबवणंच नको म्हणून, यंत्राच्या आधाराने धडधडत्या हृदयावरच जोड शिवतात.

जोड असतो एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीला, केसासारख्या बारीक धाग्याने, भिंगाचा चष्मा लावून. पायातली शीर उलटी करून लावावी लागते, कारण तिच्यात रक्त एकाच दिशेला जाऊ देणाऱ्या झडपा असतात. ही शीर वापरून महाधमनीपासून थेट पुढच्या वाहिनीपर्यंत वाट बांधण्याची पद्धत रेने फावालोरो यांनी १९६७ पासून क्लीव्हलंडमध्ये रुळवली. त्याआधी १९६४ साली लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी छातीतली धमनी कोरोनरी धमनीला शिवून दाखवली होती. आजही या दोन्ही वाटा जोडीने वापरल्या जातात.

जोड झाले, चिमटा काढला की हृदयात रक्त शिरतं आणि ते बहुतेकदा आपोआप, नाहीतर एखाद्या छोट्या शॉकने, पुन्हा सुरू होतं. पण सुरू होणं वेगळं आणि भार उचलणं वेगळं. यंत्र हळूहळू कमी करत हृदय किती दाब धरतं ते पाहतात. धरलं नाही तर औषधं वाढवतात, पंपाचा आधार देतात. गरज पडली तर हृदय-फुफ्फुसांचं काम शरीराबाहेरून करणाऱ्या एक्मो नावाच्या यंत्रावर काही दिवस ठेवतात. हृदय फार सुजलेलं असेल तर हाड लगेच तारांनी बांधत नाहीत. त्वचेवर निर्जंतुक आवरण घालून छाती एक-दोन दिवस उघडी ठेवतात. "छाती अजून बंद केलेली नाही" हे वाक्य बाहेर ऐकणाऱ्याला भयंकर वाटतं, पण सुजलेल्या हृदयाला हाडाने आवळू नये म्हणून विचारपूर्वक केलेली ती गोष्ट असते.

वाचण्याची शक्यता

आगाऊ ठरवून केलेल्या बायपासमध्ये मृत्यूचा धोका साधारण १ ते २ टक्के असतो. तातडीच्या शस्त्रक्रियेत तो कित्येक पटींनी वाढतो, आणि शॉकमध्ये असलेल्या रुग्णात त्याहूनही जास्त. हे स्पष्ट सांगायलाच हवं. पण तुलना कशाशी करायची, हा खरा प्रश्न आहे.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेले ३०२ रुग्ण होते. निम्म्यांची वाट तातडीने उघडली किंवा बायपास केली, बाकीच्यांना आधी औषधं आणि यंत्रांनी स्थिर करायचा प्रयत्न केला. महिनाभराने दोन्ही गटांतला फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता. सहा महिन्यांनी मात्र औषधांच्या गटात ६३.१ टक्के दगावले होते, तातडीच्या गटात ५०.३ टक्के. म्हणजे दर १०० माणसांमागे सुमारे १३ जीव जास्त वाचले. तातडीच्या गटात ज्यांची बायपास झाली त्यांचा आजार जास्त पसरलेला होता, लेफ्ट मेनचे रुग्णही त्यांच्यात जास्त होते, तरी त्यांचं जगण्याचं प्रमाण अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या जवळपासच राहिलं.

५० टक्के हा आकडा वाचून मन खचतं, हे मान्य आहे. पण संमतीपत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाची निवड "धोका की सुरक्षितता" अशी नसते. दोन्ही बाजूंना धोकाच असतो, आणि एका बाजूला तो कमी असतो.

दारात उभ्या असलेल्याने काय सांगावं, काय विचारावं

नातेवाइकांकडे अशी काही माहिती असते जी डॉक्टरांना दुसरीकडून मिळत नाही. रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे आणि शेवटची कधी घेतली, हे सगळ्यात आधी सांगा. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, पूर्वी पक्षाघात झाला होता का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, छातीला कधी रेडिएशन दिलं होतं का, शेवटचं कधी खाल्लं. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: पायातल्या फुगलेल्या शिरांचं ऑपरेशन झालं असेल तर ते सांगा. नाहीतर सर्जन जी शीर शोधतील ती तिथे नसेल.

विचारायचं असेल तर मोजकंच विचारा. स्टेंट का शक्य नाही? थांबलो तर काय होईल? हृदय सध्या किती काम करतंय? आणि घरी किंवा वाटेत हृदय थांबून सीपीआर द्यावा लागला, म्हणजे छाती दाबत राहावी लागली असेल तर मेंदूला किती वेळ रक्त मिळालं नसेल, हेही विचारा. कारण शस्त्रक्रिया हृदय वाचवू शकते, मेंदूला झालेली इजा ती भरून काढत नाही. माणूस शुद्धीत असेल तर त्याला काय हवंय ते त्यालाच विचारलं जावं, असा आग्रह धरा.

त्यानंतरचे दिवस

आयसीयूत पहिल्यांदा भेटायला गेल्यावर दिसतं ते मनाची तयारी नसेल तर झेपत नाही. तोंडात व्हेंटिलेटरची नळी, छातीतून रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या, मानेत आणि मनगटात तारा, चेहरा सुजलेला. यातलं बरंचसं नेहमीचं असतं. काहींची मूत्रपिंडं शॉकमुळे मंदावतात आणि तात्पुरतं डायलिसिस लागतं. साधारण तीनातल्या एकाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ठोका अनियमित होतो, तो बहुधा औषधांनी आवरतो. शुद्धीवर आलेला माणूस वेळ-काळ विसरतो, नसलेल्या गोष्टी पाहतो, जवळच्यांवर चिडतो. वयस्कर माणसांत हे बरंच दिसतं आणि बहुतेकांत काही दिवसांत निवळतं. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा चष्मा आणि श्रवणयंत्र परत देणं, आज कोणता वार आहे ते शांतपणे सांगणं, ओळखीच्या आवाजात बोलत राहणं जास्त उपयोगी पडतं.

हाड सांधायला ६ ते ८ आठवडे लागतात आणि पूर्ण बळकटी यायला तीनेक महिने. तोवर जड उचलायचं नाही, खोकताना छातीशी उशी धरायची. गोळ्या मात्र हाडाबरोबर संपत नाहीत. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सहसा जन्मभर, दुसरी प्लेटलेट रोखणारी गोळी बहुधा वर्षभर. नव्या वाटेतही तीच चरबी साचू शकते, म्हणून धूम्रपान सुटणं यातल्या कोणत्याही गोळीइतकंच महत्त्वाचं. आणि देखरेखीखाली केलेला व्यायाम, ज्याला कार्डियाक रिहॅब म्हणतात, तो बरेच जण टाळतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. छातीची भीती जाऊन माणूस पुन्हा जिना चढायला लागतो तो बहुतेकदा तिथेच.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एकोत डावा कप्पा फारच कमी हलताना दिसला तर लगेच हाय खाऊ नका. रक्ताविना राहिलेल्या स्नायूचा काही भाग मेलेला असतो, पण काही भाग नुसता बधिर झालेला असतो. रक्त परत मिळाल्यावर त्याला जागं व्हायला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून साधारण तीन महिन्यांनी एको पुन्हा करतात, आणि ठोका अचानक बिघडण्याच्या धोक्यासाठी छातीत यंत्र बसवायचं की नाही, हे त्या दुसऱ्या एकोवरून ठरवतात. घरी जाताना त्याची तारीख लिहून घ्या, आणि पहिल्या एकोचा रिपोर्ट तुलनेसाठी जपून ठेवा.